ते पान पुस्तकात नव्हतं

तारक्का, तुझा धाकटा भाऊ म्हैसूरहून आला आणि तुझ्या खोलीतलं कपाट आवरायला बसला. मी दारात उभी होते. खालच्या खणातून त्यानं एकेक पुस्तक बाहेर काढलं. जाड पुठ्ठ्याची, मोठ्या अक्षरांची, पानापानावर चित्रं असलेली. दोन-चार उघडून बघितली आणि मला विचारलं, "मालतीबाई, ही कुणाच्या मुलांची पुस्तकं?"

"तिचीच."

"तिला मुलं कुठं होती?"

"तिची म्हणजे तिची. तीच वाचायची."

त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "शाळेत शिकवायला लागत असतील." मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सगळी पुस्तकं उचलली आणि माझ्या खोल्यांत आणून ठेवली. त्यानं अडवलं नाही. आपल्या बहिणीला आपण पुरतं ओळखत नव्हतो, हे कळायला ती वेळ फार वाईट असते.

शाळेत तुझ्यासाठी सभा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. तुझं व्याकरण, तुझी शिस्त, तुझा दरारा, सगळं बोलून झालं. एक बाई म्हणाल्या, "तारम्मा वर्गात आल्या की फळासुद्धा सरळ उभा राहायचा." सगळे हसले. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण ह्या इंग्रजीच्या करड्या बाई रविवारी सकाळी बस धरून दंडूत, म्हणजे लष्कर भागात, जायच्या आणि शाळकरी पोरांच्या रांगेत बसून कार्टूनचा सिनेमा बघायच्या, हे त्या सभेत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला बोलायला सांगितलं असतं तरी मी ते तिथं बोलले नसते. तुझ्याशीच बोलायचं आहे ते.

आम्ही चामराजपेटेत तुमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा मला कानडीचं अक्षर येत नव्हतं. ह्यांना सरकारी कारखान्यात नोकरी लागलेली. सकाळी कारखान्याची बस त्यांना घेऊन जायची आणि दिवसभर मी न् माझी भांडी. तुम्ही घरात मराठी बोलायचात, पण सांगलीहून आलेल्या माझ्या कानाला ती मराठी कुठल्या कुठली वाटायची. पहिल्यांदा कॉफी दिली तेव्हा तू म्हणालीस, "स्वल्प साखर घाल ग." मला वाटलं, केवढी संस्कृत बोलणारी बाई ही! पुढं भाजीवाली, दूधवाला, सगळेच स्वल्प-स्वल्प करायला लागले तेव्हा उलगडा झाला.

मी तुला "अक्का, तुम्ही" म्हणायची. एक दिवस तू कपडे वाळत घालता घालता म्हणालीस, "अक्का म्हणतेस आणि वर तुम्ही कशाला? तुम्ही सासूला म्हण. मला तू म्हण." त्या परक्या गावात मला 'तू' म्हणायला एक माणूस मिळालं. आत्ता ती जागा रिकामी झाल्यावर कळतंय की इतक्या वर्षांत दुसरं कुणी मिळवलंच नाही मी.

आणि मग तो रविवार. मला सातवा महिना होता. तू दार वाजवलंस. नेहमीची पांढरी साडी, पण अंगठ्याएवढी जरीची कड असलेली. हातात छत्री.

"सिनेमाला येतेस? पोरांचा आहे. चित्रांचा."

"पोरांचा? आपल्याबरोबर पोर कुठंय?"

"तुझ्या पोटात आहे की!"

मी इतकी हसले की मला भिंत धरावी लागली. अण्णा, तुझे वडील, दारातल्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. आपण त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा ते पत्र थोडं वर गेलं आणि त्यांचं तोंड झाकलं गेलं. तुला कधी जाऊ नको म्हणाले नाहीत ते. कुठं चाललीस असंही कधी विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं रविवारी सकाळी तेच. तू चप्पल घालायचीस आणि ते पत्र वर जायचं.

बसमध्ये तू मला गोष्ट सांगितलीस. तुझा नेमच होता तो. आधी पुस्तक, मग चित्र. सिनेमा ज्या पुस्तकावरून काढलेला असेल ते दंडूतल्या वाचनालयातून आधीच आणून वाचायचीस. फार आवडलं तर स्वतःसाठी विकत घ्यायचीस. त्या दिवशीची गोष्ट वारा हरवलेल्या गावाची होती. गावातला वारा हरवतो आणि एक लहान मुलगी त्याला शोधायला निघते. पुस्तकात वारा सापडतो, गावात परत येतो, पण तोवर मुलगी म्हातारी झालेली असते. तिला गावात कुणी ओळखत नाही. वारा तेवढा ओळखतो.

सिनेमात मुलगी गेली तशीच परत आली. तेच दोन पेड, तोच फ्रॉक. आई धावत आली, गाव नाचलं. चित्रं मात्र अशी होती तारक्का, की मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं गवत वाकायचं तर प्रत्येक पातं वेगळं वाकायचं. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "एकेक चित्र हातानं काढलंय ग. माणसं बसून काढतात." मला ते खरंच वाटेना.

येताना मी म्हटलं, "पण शेवट खोटा केला त्यांनी. तू सांगितलास तो खरा होता."

"सरी," तू कानडीतला होकार दिलास. "खोटा केला."

"मग तुला राग नाही येत?"

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "पुस्तक एकट्यानं वाचायचं असतं मालू. एकट्याला खरं सांगितलं तर चालतं, तो पुस्तक मिटून बसतो जरा वेळ. सिनेमाला पोरं गर्दीनं येतात. एवढ्या पोरांना रडवून रस्त्यावर सोडायचं का?"

मला पटलं नाही. तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो सुरूच राहिला. दर सिनेमात ते काहीतरी बदलायचे. मेलेलं जिवंत करायचे, हरवलेलं आणून द्यायचे. तू दर वेळी त्यांना माफ करायचीस आणि मी दर वेळी करायची नाही. गंमत अशी की निबंधात एक स्वल्पविराम चुकला तर पोरींना उभं करणारी बाई तू. आणि मी घरात तिखटमीठ लावून सांगणारी. पण गोष्टीच्या बाबतीत मात्र आपली अदलाबदल व्हायची.

तुझं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं आणि सतराव्या वर्षी तू माहेरी परत आलीस, हे मला शेजारच्या पुट्टम्मांनी सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. अण्णांनी तुला शिकवलं, नोकरी करू दिली, त्या काळात ते लहान काम नव्हतं. पण त्या वर्षाबद्दल ह्या घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. मीही काढलं नाही. मला वाटायचं, कधीतरी बसमध्ये खिडकीबाहेर बघता बघता तूच बोलशील.

रोहिणी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत आईच्या आधी तू आलीस. ती तीन वर्षांची असताना तिला ताप आला. साधा ताप समजून आम्ही घरीच होतो. ताप उतरला आणि तिचा डावा पाय उठला नाही.

त्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. तू होतीसच. लोकरीच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या, पिळायच्या आणि पायाला गुंडाळायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझे हात भाजायचे म्हणून तू शाळेतून आल्याआल्या साडी खोचून बसायचीस. "तू सुम्ने बस," म्हणायचीस. म्हणजे काही करू नकोस, नुसती बस. तेवढंच मला त्या वेळी जमत होतं. ह्यांनी नवस बोलले, मी बोलले. तू बोललीस की नाही मला माहीत नाही. पुढं मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली जाड बूट असा कॅलिपर आला. रोहिणी चालली की फरशीवर खट् खट् वाजायचं. मी सिनेमाला येणं सोडलं. बाहेर जाणंच सोडलं. तू एकटी जायचीस आणि येऊन रोहिणीला सगळा सिनेमा करून दाखवायचीस. हत्तीसारखी चालायचीस, पांघरूण घेऊन डोंगर व्हायचीस. तुझ्या शाळेतल्या बायांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

मग तू ते अस्वलाचं पुस्तक आणलंस.

अस्वलाला तू करडी म्हणायचीस, कानडीत म्हणतात तसं. आणि पिल्लाला मरी. आमच्याकडे करडी असते ती नजर. पण रोहिणीनं करडीमरी हाच शब्द धरला, अस्वलाचं पिल्लू ती कधी म्हणालीच नाही. सापळ्यात पाय चिरडलेलं ते पिल्लू. हिवाळा येतो आणि सगळी अस्वलं डोंगर चढून पलीकडे जातात. ह्याला चढता येत नाही. ते खाली राहतं, नदीकाठी, एका म्हाताऱ्या नावाड्याजवळ. हळूहळू त्याला नदी कळायला लागते. कुठं उथळ, कुठं भोवरा, पाणी कधी चढणार. उन्हाळ्यात कळप परत येतो तेव्हा नदीला पूर आलेला असतो आणि हे पिल्लू सगळ्यांना पार करून नेतं. शेवटच्या चित्रात कळप पुन्हा डोंगराकडे निघालाय आणि पिल्लू पाण्यात उभं राहून त्यांच्याकडे बघतंय. बस, एवढंच.

ते पुस्तक तू तिला किती वेळा वाचून दाखवलंस याला गणती नाही. वाचायचीस इंग्रजीतून आणि सांगायचीस तुझ्या त्या मिसळलेल्या मराठीतून. रोहिणीला ते तोंडपाठ झालं. पुट्टम्मांची नात एकदा तिला म्हणाली, "तुला पळता येत नाही." रोहिणीनं खाली मान घालून खेळता खेळताच सांगितलं, "करडीमरीला पण नाही येत. तिला नदी येते." मी स्वयंपाकघरात होते. हातातली उलथणी तशीच धरून उभी राहिले. डॉक्टर आणि देव यांना जे जमलं नव्हतं ते तुझ्या पुस्तकानं केलं होतं.

म्हणून, दंडूत त्याच पुस्तकाचा सिनेमा लागलाय हे तू धावत येऊन सांगितलंस तेव्हा तुझ्यापेक्षा मलाच घाई झाली. कितीतरी दिवसांनी मी इस्त्रीची साडी काढली. रोहिणी सहा वर्षांची होती. थिएटरच्या पायऱ्या तू तिला कडेवर घेऊन चढलीस. लोक तिच्या बुटाकडे बघत होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे उलट बघितलं.

सुरुवात इतकी सुंदर होती! ती नदी! पाण्याखालचे गोटेसुद्धा हलताना दिसत होते. रोहिणी खुर्चीच्या कडेवर आली होती. पूर आला, पिल्लानं कळप पार नेला, तिनं माझा हात दाबून धरला. आणि मग शेवटी कळप डोंगराकडे निघतो तेव्हा पिल्लू पाण्यातून बाहेर येतं. त्याच्या पायावर ऊन पडतं. पाय सरळ होतो. ते एक पाऊल टाकतं, दुसरं टाकतं आणि धावत सुटतं. सगळ्यांच्या पुढं, डोंगराच्या शेंड्यापर्यंत. थिएटरमधली सगळी पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली.

रोहिणीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

बसमध्ये ती आपल्या दोघींच्या मध्ये बसली होती. मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, ते पान आपण वाचलं नाही का?"

"कुठलं ग?"

"पाय बरा होतो ते. आपलं चुकून राहिलं असेल."

घरी आल्यावर तिनं पुस्तक काढलं आणि जमिनीवर बसून पान अन् पान उलटलं. चिकटलेली पानं असतील म्हणून नखानं कडा सोडवून बघितल्या. मी ते बघितलं आणि मागच्या अंगणात निघून आले. तू माझ्यामागून आलीस.

मी तुला काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. "आता कर माफ त्यांना! नेहमी करतेस ना?"

"मालू, मला ठाऊक नव्हतं ग."

"ठाऊक नव्हतं? दर वेळी बदलतात ते. तुला नाही तर कुणाला ठाऊक असणार? गर्दीतल्या पोरांना रडवू नये म्हणतेस. ही एक पोर आत काय शोधतीय ते बघ जा!"

तू धुण्याच्या दगडावर बसलीस. तुझी बाजू मांडली नाहीस. मला वाटतं, तू मांडायला हवी होतीस. मी भांडायला उभी होते आणि समोर कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं तू उठून आपल्या खोलीत गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी तू आलीस. मी तुला बस म्हटलं नाही. तू सरळ रोहिणीजवळ जाऊन खाली बसलीस, तुझी ती कडक कांजीची साडी चुरगळत.

"रोहिणी, ते पान नाही. पुस्तकात कधीच नव्हतं. सिनेमावाल्यांनी नवीन काढलं."

"का?"

"करडीमरी तशी बघवली नाही त्यांना."

रोहिणीनं विचार केला. "तुला बघवतं?"

"बघवतं की. रोज बघते मी तुला."

रोहिणी तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. तू नजर काढली नाहीस. अशा वेळी मोठी माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवून दुसरीकडे बघायची, मीही तेच करायची. तू बघत राहिलीस.

"माझा पाय असाच राहणार?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, असाच राहणार."

"बरं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "मला तो सिनेमा परत बघायचाय."

मी नाही म्हटलं. दोन-तीन दिवस नाहीच म्हणत राहिले. पण ती ऐकेना. "मला नदी बघायचीय," एवढंच. शेवटी पुढच्या रविवारी आपण तिघी पुन्हा गेलो. तू आणि मी एकमेकींशी धड बोलत नव्हतो. मध्ये रोहिणी. पूर आला, कळप पार झाला, आणि पिल्लू पाण्यात उभं राहिलं. तेवढ्यात रोहिणी खुर्चीतून खाली उतरली.

"चला. संपलं."

"अजून आहे ना ग," मी म्हटलं.

"संपलं," ती म्हणाली आणि दाराकडे निघालीसुद्धा. त्या अंधारात खट् खट् आवाज करत, दोन्ही बाजूंची माणसं वळून बघत असताना, आपली सहा वर्षांची पोर एकटी चालत गेली. मी तिच्यामागे धावले.

बाहेर उजेडात येऊन मागं बघते तर तू नव्हतीस. तू दारातच थांबली होतीस, पडदा हातानं स्वल्प बाजूला करून. आत टाळ्या सुरू झाल्या. मग तू बाहेर आलीस. डोळे पुसत होतीस आणि हसतही होतीस, ओशाळल्यासारखी.

"मला शेवट बघायचा होता ग," म्हणालीस.

तारक्का, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पोरांना रडवू नये वगैरे तू म्हणायचीस ते खोटं नव्हतं, पण ते पुरतंही नव्हतं. तो सरळ झालेला पाय, ती न म्हातारी होता परत आलेली मुलगी, ते तुला हवं होतं. तुला स्वतःला. सतराव्या वर्षी परत आलेल्या त्या मुलीला. मी तिथं थिएटरच्या पायरीवर तुझा हात धरायला हवा होता की काहीतरी विचारायला हवं होतं, मला ठरवता आलं नाही. तेवढ्यात रोहिणीला तहान लागली आणि आपण पाणी शोधायला गेलो.

पुढं आपण पुन्हा बोलायला लागलो, पुन्हा सिनेमांना गेलो, पुन्हा भांडलो. रोहिणी तुझ्याच शाळेत गेली. वर्गात तू तिला इतर पोरींसारखीच उभी करायचीस, ती घरी येऊन तुझ्या तक्रारी सांगायची आणि मग पुस्तक घेऊन तुझ्याच खोलीत पळायची. मोठी होता होता तिची सिनेमांची आवड कमी झाली. माझी झाली नाही, तुझी तर नाहीच. आपण दोघी जायचो. मध्यमवयीन बायका, पोरांच्या रांगेत. तिकिटं फाडणारा माणूस आपल्याला ओळखायला लागला होता.

मग तुला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग बसस्टॉपपर्यंत चालताना, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय असं सांगितलं. तू त्यावर विनोद केलास, मला तो आवडला नाही. शेवटच्या दिवसांत रोहिणी दुपारी तुझ्या उशाशी बसून वाचायची. तिचा आवाज आता मोठ्या मुलीचा झालाय. मी दारातून बघायची आणि आत यायची नाही.

एका दुपारी ती शिकवणीला गेली होती. तू मला जवळ बोलावलंस. "मालू, एवढी भांडलीस माझ्याशी. तुझंच खरं असं वाटतं का तुला अजून?"

"तू बरी हो, मग सांगते."

"आत्ता सांग की."

"आत्ता तू पडून राहा."

तू हसलीस, "सरी," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. ते राहिलं ते राहिलंच.

आता सांगते. मला अजूनही वाटतं की माझंच खरं. पोरीला तो शेवट आधी न बघता दाखवणं चूकच होतं, आणि पुस्तक लिहिणाऱ्यानं जे लिहिलं ते बदलायचा कुणालाही हक्क नाही. मी तुझ्यासारखी माफ करणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर बसून तू जे केलंस ते मला, तिच्या आईला, तीन वर्षांत करता आलं नव्हतं. सिनेमातला शेवट इतका हवासा वाटणारी तू, आणि माझ्या मुलीला खरं सांगायला तूच गेलीस. ते तुला किती जड गेलं असेल याचा हिशेब मला लागत नाही. तुझे आभार मानायचे होते. घरातल्या माणसाचे आभार कसे मानायचे, म्हणून राहून गेलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगायलाच मी खरं तर बसले आहे.

तुझं सगळं कार्य आटोपलं, भाऊ म्हैसूरला परत गेला. अण्णा कट्ट्यावर बसायचे, पण वर्तमानपत्र घडी घातलेलंच असायचं. परवा मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाले, "मालती, ती रविवारी जायची ते काय असायचं?"

मी सांगितलं. चित्रांचे सिनेमे, लहान मुलांच्या पुस्तकांवरचे.

"मला दाखवशील?"

ऐंशीच्या घरातला माणूस. जन्मात सिनेमाचं थिएटर पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी ते कोट, फेटा, धुतलेलं धोतर असे लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन उभे. रोहिणी एका बाजूला, मी एका बाजूला. ह्यांनी टॅक्सी बोलावली होती, पण अण्णा म्हणाले, "ती बसनं जायची ना?" म्हणून बसनं गेलो.

काय सिनेमा होता ते सांगण्यासारखं नाही. बदकांचं एक कुटुंब घर बदलतं, एवढीच गोष्ट. पुस्तक आमच्यापैकी कुणी वाचलेलं नव्हतं. अंधार झाल्यावर अण्णा घाबरतील असं मला वाटलं होतं. ते दोन्ही हात काठीवर ठेवून ताठ बसले होते. थोड्या वेळानं रोहिणीला विचारलं, "हे माणसानं हातानं काढलंय?"

"हो अण्णा, एकेक."

"अबब, केवढं काम," म्हणाले. आणि मग त्या बदकाची गाडी चिखलात रुतली, सगळी पोरं हसली, तेव्हा अण्णा हसले. मोठ्यांदा. इतकी वर्षं तुमच्या मागच्या खोल्यांत राहून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. रोहिणीनं माझ्याकडे बघितलं. तीही थक्क झाली होती. नंतर ते पुन्हा पुन्हा हसले. एकदा तर पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी वळून त्यांच्याकडे बघून हसली, आणि त्यांनी तिला मान हलवून दाद दिली.

दिवे लागले, लोक उठले. अण्णा उठले नाहीत. रांग रिकामी झाली. झाडूवाली बाई आमच्या पायांशी येऊन थांबली.

"अण्णा, चला," मी म्हटलं.

"मला कधी बोलावलं नाही तिनं," ते म्हणाले.

मी पुन्हा खुर्चीवर बसले. "तिला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही."

ते रिकाम्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होते. खूप हळू म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक होतं, आवडतं की नाही."

ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, तुझ्यासाठी होतं. तुझ्यापर्यंत पोचवायला दुसरी काही वाट दिसेना, म्हणून एवढं लिहिलं.